सलाम आपल्याकडे, हिशेब अल्लाहकडे

दर्स-ए-कुरआन : सूरह अबस, आयत १ ते १० आणि सूरह अनआम, आयत ५२ ते ५४

परमकृपाळू, परमदयाळू अल्लाहच्या नावाने.

मक्केतील प्रारंभीच्या काळातला हा प्रसंग आहे. पैगंबर मुहम्मद (स.) कुरैशच्या काही प्रतिष्ठित सरदारांशी बोलत होते. या सरदारांनी सत्य स्वीकारले तर त्यांच्यामागे अनेक घराणी येतील आणि दुर्बल मुस्लिमांवरील छळही थांबेल, अशी आशा त्या संभाषणामागे होती. नेमक्या त्याच वेळी एक दृष्टिहीन गृहस्थ तेथे आले. ते होते ह. अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.), उम्मुल मोमिनीन ह. खदीजा (रजि.) यांच्या नात्यातले. समोर कोण बसले आहे, कोणते बोलणे सुरू आहे, हे त्यांना दिसत नव्हते. अल्लाहने जे ज्ञान दिले आहे त्यातले काही मलाही शिकवा, असा आग्रह ते धरू लागले. चालू बोलण्यात व्यत्यय आला. पैगंबर (स.) यांच्या कपाळावर आठी उमटली आणि त्यांनी सरदारांकडेच लक्ष ठेवले.

एवढीच घटना. कोणतेही कठोर शब्द उच्चारले गेले नाहीत. कोणाला बाहेर काढले गेले नाही. तरीही यावर सूरह अबस अवतरली. कुरआनच्या या ८० व्या सूरहचे नावच मुळी कपाळाला आठी घालण्याच्या क्रियेवरून पडले आहे.

जी आठी दिसलीच नव्हती

या आयतींचा आशय थोडक्यात असा : आंधळा माणूस आला म्हणून आठी पडली आणि मुख फिरवले गेले. परंतु तुम्हास काय ठाऊक, कदाचित तोच स्वतःला शुद्ध करून घेईल, अथवा उपदेश ऐकेल आणि त्या उपदेशाचा त्याला लाभ होईल. जो स्वतःला कशाचीच गरज नाही असे समजतो, त्याच्याकडे तुम्ही लक्ष देता. वास्तविक तो शुद्ध झाला नाही तरी त्याचा भार तुमच्यावर नाही. आणि जो स्वतः धावत तुमच्याकडे आला, ज्याच्या अंतःकरणात अल्लाहचे भय आहे, त्याच्याकडे मात्र दुर्लक्ष होते.

पैगंबर (स.) यांचा हेतू निर्मळ होता, याविषयी कोणत्याही तफसीरकाराच्या मनात शंका नाही. तो हेतू दावतचाच होता. म्हणूनच हा प्रसंग अधिक विचार करायला लावतो. हेतू शुद्ध असतानाही एका आठीची नोंद अल्लाहकडून घेतली गेली, तर केवळ अहंकारापोटी आपण दिवसभरात किती आठ्या घालतो, याचा हिशेब कसा होईल?

दुसरी गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. ह. इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. ती आठी त्यांना दिसलीच नव्हती. पण ज्या माणसासमोर ती उमटली त्याचा सन्मान अल्लाहला ठाऊक होता. समोरच्याच्या लक्षात आले नाही म्हणून अवमान हा अवमान ठरत नाही असे नाही. कोणी मस्जिदीतून बाहेर पडल्यावर त्याच्या पाठीमागे केलेली खूण, एखाद्या कर्णबधिराच्या समोरच हसत केलेली शेरेबाजी, परभाषकाला कळणार नाही अशा भाषेत उडवलेली त्याची टर, हे सारे त्या माणसाला कळत नाही. अल्लाहला मात्र कळते.

तिसरी गोष्ट म्हणजे या आयतींतील एक प्रश्न : तुम्हास काय ठाऊक? सगळ्या उपदेशाचा कणा या प्रश्नात आहे. वही ज्यांच्यावर अवतरत होती त्यांनाही दुसऱ्याच्या अंतःकरणातील गोष्ट अल्लाहने कळवल्याशिवाय कळत नव्हती. मग तुम्हा-आम्हाला ती एका दृष्टिक्षेपात कशी कळणार? कपडे पाहून, बोलण्याची ढब ऐकून, आडनाव विचारून किंवा दाढीची लांबी मोजून? आपण ज्याला बाहेरचा समजतो तोच कदाचित आत येण्यासाठी सर्वांत अधिक आतुर असेल. ‘कदाचित’ हा शब्द कुरआनने त्या येणाऱ्या माणसाच्या पारड्यात टाकला आहे. आपण तो त्याच्या विरुद्ध वापरतो, हीच आपली चूक.

यांना आधी दूर करा

कुरैशच्या सरदारांची एक तक्रार वारंवार असे. सहीह मुस्लिममध्ये ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांचे कथन आहे. ते, ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.), ह. बिलाल (रजि.) आणि आणखी काही जण, असे सहा लोक पैगंबर (स.) यांच्याजवळ बसलेले होते. सरदारांनी सुचवले की यांना इथून उठवावे, नाहीतर हे आमच्याशी बरोबरी करण्याचे धाडस करतील. यातील कोणी पूर्वी गुलाम होते, कोणी मेंढपाळ. सरदारांना त्यांच्या विचारांचा राग होताच. पण त्यांच्या शेजारी बसणे हे त्याहून जड जात होते.

यावर सूरह अनआमची ५२ वी आयत अवतरली. तिचा आशय असा की जे लोक आपल्या पालनकर्त्याची प्रसन्नता इच्छून सकाळ-संध्याकाळ त्याला पुकारतात, त्यांना दूर लोटू नका. त्यांच्या हिशेबातील कशाचीही जबाबदारी तुमच्यावर नाही आणि तुमच्या हिशेबातील कशाचीही त्यांच्यावर नाही. त्यांना दूर लोटणे म्हणजे अन्याय करणाऱ्यांत सामील होणे.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. दूर न लोटण्याचा आदेश देताना अल्लाहने कारण कोणते दिले? ते सर्व निष्कलंक आहेत म्हणून त्यांना जवळ करा, असे सांगितलेले नाही. सांगितले ते असे की त्यांचा हिशेब तुमच्याकडे नाही. म्हणजे कोणाला जवळ बसू द्यावे हे ठरवण्यापूर्वी त्याची झडती घेण्याचा अधिकारच आपल्याला दिलेला नाही.

मग आपल्याला दिले आहे काय? दोनच आयती पुढे, ५४ व्या आयतीत, त्याचे उत्तर आहे. आमच्या आयतींवर श्रद्धा ठेवणारे लोक तुमच्याकडे येतील तेव्हा त्यांना सलाम म्हणा. तुमच्या पालनकर्त्याने कृपा करणे स्वतःवर अनिवार्य करून घेतले आहे. तुमच्यापैकी कोणी अज्ञानाने दुष्कृत्य केले, नंतर पश्चात्ताप केला आणि स्वतःत सुधारणा केली, तर तो क्षमा करणारा, दया करणारा आहे. असा या आयतीचा आशय आहे.

कामांची ही वाटणी किती स्वच्छ आहे! हिशेब अल्लाहकडे आणि सलाम आपल्याकडे. आपली अडचण अशी की आपण अनेकदा आपल्या वाट्याचे काम सोडून देतो आणि अल्लाहच्या वाट्याचे काम हाती घेतो.

दया नव्हे, स्थान

स्वागत याचा अर्थ आपण पुष्कळदा दया असा घेतो. अपंग, गरीब, नवागत किंवा वेगळ्या रूपाचा माणूस आला की त्याच्याशी दोन गोड शब्द बोलावेत, कोपऱ्यात जागा द्यावी आणि आपण पुण्य कमावल्याचे समाधान मानावे. ह. इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांचे पुढील जीवन पाहिले म्हणजे इस्लामी स्वागताचा अर्थ यापेक्षा कितीतरी मोठा आहे, हे ध्यानात येते.

तफसीरग्रंथांत उल्लेख येतो की या प्रसंगानंतर पैगंबर (स.) त्यांचे विशेष आदराने स्वागत करीत आणि त्यांची काही गरज आहे का, हे विचारीत. पण गोष्ट विचारपूस करण्यावर थांबली नाही. हिजरतच्या वेळी मदीनेस सर्वांत आधी पोहोचणाऱ्यांमध्ये ह. मुसअब बिन उमैर (रजि.) यांच्यासोबत तेही होते आणि दोघे मदीनेच्या लोकांना कुरआन शिकवीत असत, असे सहीह बुखारीत नोंदलेले आहे. जे एके दिवशी शिकवा म्हणत आले होते, ते एका संपूर्ण शहराचे शिक्षक झाले.

पुढे ते मस्जिदेनबवीचे मुअज्जिन झाले. रमजानमध्ये ह. बिलाल (रजि.) यांची अजान रात्र सरण्यापूर्वी होई, त्यानंतरही खाण्यापिण्याची मुभा असे. ह. इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांची अजान झाली की मात्र थांबायचे. ज्यांना पहाट दिसत नव्हती त्यांच्या आवाजावर मदीनेची पहाट ठरत असे. लोक त्यांना फजरची वेळ झाल्याचे सांगत आणि ते पुकारा करीत. यातही एक शिकवण आहे. उणीव एकाची होती, ती भरून काढण्याचे काम सर्वांनी वाटून घेतले होते. पैगंबर (स.) मोहिमेसाठी मदीनेबाहेर गेले असता नमाजचे नेतृत्व करण्याची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवण्यात आली होती.

सूरह निसाच्या ९५ व्या आयतीत जिहादला न जाता घरी बसणाऱ्यांचा उल्लेख आहे. ती आयत उतरली तेव्हा त्यांनी आपल्या दृष्टिहीनतेचे दुःख पैगंबर (स.) यांच्यासमोर मांडले. त्यावर ज्यांना शारीरिक अडचण आहे ते या गणनेतून वगळले आहेत, असे शब्द अवतरले. एका अंध माणसाच्या प्रश्नाला कुरआनात कायमचे उत्तर मिळाले.

आता आपल्या मस्जिदींकडे पाहावे. दृष्टिहीन बांधवाला हात धरून सफमध्ये उभे करणारे पुष्कळ भेटतील. पण त्याने हिफ्ज पूर्ण केले असेल तर त्याला तरावीहसाठी पुढे बोलावणारे किती आहेत? आसरा देणे सोपे आहे. स्थान देणे कठीण, कारण त्यासाठी आपल्याला थोडे बाजूला सरकावे लागते.

मस्जिदेनबवीतील तीन प्रसंग

पहिला प्रसंग सर्वांना परिचित आहे. वाळवंटातील एक ग्रामीण माणूस मस्जिदीत आला आणि तेथेच एका बाजूला लघवी करू लागला. सोबती त्याच्यावर धावून गेले. पैगंबर (स.) यांनी त्यांना अडवले, त्याचे पूर्ण होऊ द्या म्हणून सांगितले आणि नंतर त्या जागी बादलीभर पाणी ओतवून घेतले. तुम्हाला लोकांसाठी सोपे करण्याकरिता पाठवले आहे, अवघड करण्याकरिता नव्हे, हेही त्यांनी सोबत्यांना बजावले. मग त्या माणसाला जवळ बोलावून मस्जिद कशासाठी असते, ते समजावले. हदीसच्या भाष्यकारांनी यातील व्यवहारचातुर्य दाखवून दिले आहे. त्याला मध्येच हुसकले असते तर घाण मस्जिदभर पसरली असती, त्याचे कपडे खराब झाले असते, त्याला शारीरिक इजाही झाली असती. आरडाओरड्याने चूक आवरत नाही, पसरते.

तिरमिजींच्या संग्रहातील वृत्तांतानुसार याच माणसाने त्याआधी एक दुआ मागितली होती : अल्लाहने माझ्यावर आणि मुहम्मद (स.) यांच्यावर दया करावी, आणखी कोणावर करू नये. त्यावर पैगंबर (स.) म्हणाले की तू एका विशाल गोष्टीला अरुंद करून टाकलेस. हे वाक्य केवळ त्या ग्रामीण माणसापुरते नाही. अल्लाहची कृपा फक्त आमच्या मसलकवर, आमच्या बिरादरीवर, आमच्यासारखे दिसणाऱ्यांवर आहे असे जो मानतो, तोही त्या विशाल गोष्टीला अरुंदच करतो.

दुसरा प्रसंग ह. मुआविया बिन हकम सुलमी (रजि.) यांचा. ते नव्याने मुस्लिम झाले होते. नमाज चालू असताना कोणाला तरी शिंक आली आणि यांनी मोठ्याने त्याच्यासाठी दुआ उच्चारली. लोक त्यांच्याकडे रोखून पाहू लागले. ते गोंधळून आणखी बोलले, तेव्हा लोक मांड्यांवर हात मारू लागले. नमाज संपल्यावर पैगंबर (स.) यांनी त्यांना ना दटावले, ना मारले, ना अपशब्द वापरले. नमाजमध्ये माणसांचे बोलणे योग्य नाही, ती तस्बीह, तकबीर आणि कुरआनपठणासाठी आहे, एवढेच सांगितले. याहून उत्तम शिक्षक मी त्यापूर्वी वा त्यानंतर पाहिला नाही, अशी साक्ष या सहाबींनी स्वतः दिली आहे. वर्षानुवर्षांनंतर त्यांना नियम तर आठवत होताच, पण रोखलेल्या नजराही आठवत होत्या आणि त्या नजरांमधून आपल्याला सोडवणारा तो प्रेमळ स्वरही आठवत होता.

तिसरा प्रसंग अधिक नाजूक आहे. अब्दुल्लाह नावाचे एक गृहस्थ मद्यपान करीत असत. त्याबद्दल त्यांना शिक्षा झालेली होती. पुन्हा एकदा त्यांना त्याच अपराधासाठी आणले गेले, तेव्हा एक जण शाप देत म्हणाला की याला किती वेळा आणावे लागते! पैगंबर (स.) यांनी त्याला रोखले. याला शाप देऊ नका, याचे अल्लाहवर आणि त्याच्या पैगंबरावर प्रेम आहे, असे त्यांनी सांगितले. सहीह बुखारीतील या हदीसमध्ये मद्यपानाला कोणतीही सवलत मिळालेली नाही. शिक्षा टळली नाही. पण त्या माणसाचे अल्लाहशी असलेले नाते तोडण्याचा अधिकार शिक्षा देणाऱ्यांनाही मिळाला नाही.

पाहुणा दुसऱ्या धर्माचा असेल तर

ताइफच्या सकीफ कबिल्याने हिजरतपूर्वी पैगंबर (स.) यांच्यावर दगडफेक करवली होती. त्याच कबिल्याचे शिष्टमंडळ हिजरी सन ९ मध्ये मदीनेस आले. त्यांनी अजून इस्लाम स्वीकारलेला नव्हता. तरी त्यांचा मुक्काम मस्जिदीच्या आवारातच ठेवण्यात आला. तेथे कुरआनचे पठण त्यांच्या कानी पडावे आणि मने कोमल व्हावीत, हा त्यामागील उद्देश होता. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाविषयी सीरतकार इब्ने इसहाक यांनी नोंदवले आहे की त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा मस्जिदेनबवीतच त्यांना ती पूर्वेकडे तोंड करून करू देण्यात आली.

ह. अबू बक्र (रजि.) यांच्या कन्या ह. अस्मा (रजि.) यांची आई मूर्तिपूजक होती. ती भेटायला आली तेव्हा तिच्याशी कसे वागावे, असा प्रश्न त्यांनी विचारला. आईशी नाते जोडून ठेव, असेच उत्तर त्यांना मिळाले. जे धर्मावरून तुमच्याशी लढले नाहीत आणि ज्यांनी तुम्हाला घरातून हुसकून लावले नाही, त्यांच्याशी सद्व्यवहार व न्याय करण्यास अल्लाह मनाई करत नाही, हे सूरह मुम्तहिनाच्या ८ व्या आयतीत स्पष्ट आहे. श्रद्धेतील भेद पुसून टाकल्याशिवाय आदरातिथ्य करता येत नाही, ही समजूत या सर्व उदाहरणांसमोर टिकत नाही. भेद होते, ते उघड होते, त्यावर चर्चाही होई. तरी पाहुण्याचा मान कायम राहिला.

मग योग्य-अयोग्य यांचे काय?

येथे वाचकांच्या मनात एक रास्त शंका येईल. सर्वांचे असेच स्वागत करायचे तर सत्कर्माचा आदेश आणि दुष्कर्मास प्रतिबंध या कर्तव्याचे काय? जे चुकीचे आहे त्याला चुकीचे म्हणायचेच नाही का?

तसे मुळीच नाही. वरील तिन्ही प्रसंगांत चूक ही चूकच ठरवली गेली. ग्रामीण माणसाला मस्जिदीचे पावित्र्य सांगितले गेले, नव्या मुस्लिमाला नमाजचा नियम शिकवला गेला, मद्यपीला शिक्षा झाली. फरक आहे तो कृत्य आणि व्यक्ती यांत. कृत्याविषयी अल्लाहने जे सांगितले आहे ते आपण सांगू शकतो. व्यक्तीच्या अंतिम स्थानाविषयी, तिच्या नियतीविषयी, तिच्या ईमानच्या खरे-खोटेपणाविषयी आपल्याला सांगता येत नाही.

ह. उसामा बिन जैद (रजि.) यांना हा धडा अत्यंत कठोरपणे शिकावा लागला. युद्धात शत्रूपक्षातील एका माणसाने तलवार समोर दिसताच कलिमा उच्चारला. जीव वाचवण्यासाठी म्हणतो आहे असे समजून त्यांनी त्याला ठार केले. पैगंबर (स.) यांना हे कळले तेव्हा त्यांनी विचारले की तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस काय? हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा विचारला की आपण आजच मुस्लिम झालो असतो तर बरे झाले असते, असे ह. उसामा (रजि.) यांना वाटू लागले. सूरह निसाची ९४ वी आयतही हेच शिकवते. जो तुम्हाला सलाम करतो त्याला तू मोमिन नाहीस असे म्हणू नका, आणि पुढे हेही स्मरण करून दिले आहे की पूर्वी तुम्हीही असेच होता, मग अल्लाहने तुमच्यावर उपकार केले.

ह. उमर (रजि.) यांनी आपल्या काळात याच तत्त्वाला व्यवहाराचा नियम बनवले. वहीचा काळ संपला आहे, आता आम्ही तुमच्या उघड कृतींवरूनच तुमच्याशी वागू. अंतर्मनातील गोष्टींचा हिशेब आमच्याकडे नाही, तो अल्लाह घेईल, अशा आशयाचे त्यांचे विधान सहीह बुखारीत आहे. कोणी उघड अन्याय करीत असेल, दुसऱ्याला इजा पोहोचवीत असेल तर त्याला रोखणे आवश्यकच आहे. दुर्बलांचे रक्षण न करता अत्याचाऱ्याचे स्वागत करणे याला औदार्य म्हणत नाहीत. परंतु जेथे कोणाला इजा नाही, केवळ आपल्याहून वेगळेपण आहे, किंवा चूक आहे ती त्या माणसाची आणि अल्लाहची परस्परांतील गोष्ट आहे, तेथे टोह घेणे हे सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीने निषिद्ध ठरवलेले कृत्य आहे. तिच्या आधीची ११ वी आयत उपहास करणाऱ्यांना बजावते की ज्यांना तुम्ही हसता ते कदाचित तुमच्याहून चांगले असतील. तेथेही पुन्हा तोच ‘कदाचित’.

उपदेश करायचाच असेल तर त्यालाही क्रम आहे. आधी सलाम, मग ओळख, मग विश्वास आणि त्यानंतर एकांतात दोन शब्द. ज्याचे नावही आपण विचारलेले नाही त्याला चारचौघांत शिकवायला जाणे म्हणजे केवळ आपला मोठेपणा मिरवणे होय.

आपल्या मस्जिदी, आपली घरे

हा दर्स मदीनेच्या आठवणींवर संपवला तर तो अपुरा राहील. महाराष्ट्रातील आपल्या वस्त्यांमध्ये ही परीक्षा रोज होत असते.

आपल्यात बागवान आहेत, तांबोळी आहेत, अत्तार, पिंजारी, खाटीक, मोमिन, कोकणी आहेत. सफमध्ये सर्व खांद्याला खांदा लावून उभे राहतात, पण नमाज संपली आणि लग्नाचा विषय निघाला की सूरह हुजुरातची १३ वी आयत विसरली जाते. वंश आणि कबिले परस्परांची ओळख पटावी म्हणून आहेत, श्रेष्ठत्व केवळ ईशभयाने ठरते, हे आपण दुसऱ्यांना अभिमानाने ऐकवतो. आपल्या दारात ते कधी ऐकू येणार?

ज्यांची घरची भाषा मराठी आहे, ज्यांना उर्दू सफाईने बोलता येत नाही, त्यांच्याकडे काही ठिकाणी कमी प्रतीचा मुस्लिम म्हणून पाहिले जाते. या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांनी हे सोसले असेल. भाषा आणि वर्ण यांची विविधता ही अल्लाहची निशाणी आहे, असे सूरह रूमच्या २२ व्या आयतीत आले आहे. निशाणीचा उपहास करता येत नाही. आणि ज्यांनी हे सोसले आहे, त्यांच्यावर दुसऱ्याशी तसे न वागण्याची जबाबदारी अधिक आहे. कामासाठी परप्रांतातून आलेला मजूर आपल्या सफमध्ये उभा राहतो, तेव्हा त्याच्या कळकट कपड्यांकडे पाहणारी नजर आपलीच असते.

ज्या मुलाचा मानसिक विकास वेगळ्या गतीने होतो, जे मूल मध्येच ओरडते किंवा धावते, त्याला घेऊन येणाऱ्या पित्याला एक-दोनदा नाराजीचे सूर ऐकावे लागतात. मग तो मूल घरी ठेवू लागतो, आणि हळूहळू स्वतःही येईनासा होतो. पैगंबर (स.) यांनी नमाजमध्ये मुलाच्या रडण्याचा आवाज ऐकला की त्याच्या आईला त्रास होऊ नये म्हणून ते नमाज आटोपती घेत. आपल्या नात ह. उमामा (रजि.) यांना उचलून घेऊनही त्यांनी नमाज अदा केली आहे. मुलाच्या आवाजाने नमाज मोडत नाही. पण आपल्या नजरेने एका कुटुंबाचे मस्जिदीशी नाते मोडू शकते.

विश्वस्त मंडळींनी काही साध्या गोष्टी मनावर घ्याव्यात. प्रवेशाच्या पायऱ्यांना लागून एक उतार बांधावा. वुजूखान्यात बसण्याची उंच जागा आणि धरायला दांडी असावी. चाकांची खुर्ची पुसून आत आणण्याची सोय ठेवावी. कर्णबधिर बांधवांसाठी जुमाच्या खुत्ब्याचा सारांश कागदावर लिहून द्यावा. यांतल्या कशालाच फार मोठा खर्च नाही. जेथे लाखोंचे झुंबर लागते तेथे उतार बांधायला पैसा नाही, असे म्हणता येणार नाही.

घरातील दस्तरख्वानही तपासून पाहावा. सूरह नूरच्या ६१ व्या आयतीत अंध, पांगळे आणि आजारी यांचा भोजनाच्या संदर्भात उल्लेख आहे. त्यांच्यासोबत जेवायला लोक संकोचत, तो संकोच या आयतीने दूर केला, असे काही तफसीरकारांनी म्हटले आहे. ईदला शिरखुर्म्याची वाटी शेजारच्या घरी पाठवणे ही चांगली प्रथा आहे. पण वाटी पाठवणे आणि माणसाला आपल्यासोबत बसवणे यांत अंतर आहे. बऱ्याच वर्षांनी मस्जिदीत पाऊल ठेवणाऱ्या तरुणाला, आज रस्ता कसा चुकलास, असे थट्टेने विचारण्यातही एक बंद दार आहे. तो कोणत्या झगड्यानंतर येथवर आला, ते आपल्याला काय ठाऊक?

मस्जिदेनबवी झाडणारी एक व्यक्ती होती. रात्री तिचे निधन झाले आणि लोकांनी क्षुल्लक बाब समजून पैगंबर (स.) यांना न कळवताच दफनविधी उरकला. ती दिसेना तेव्हा त्यांनी चौकशी केली, मला का कळवले नाही असे विचारले आणि कबरीवर जाऊन तिच्यासाठी नमाज अदा केली. आपल्या सफमधून जे हळूहळू दिसेनासे झाले, त्यांची चौकशी आपण केव्हा केली होती? ते का येत नाहीत, याचे उत्तर कदाचित आपल्याच कपाळावर लिहिलेले असेल.

घरी एकत्र बसून विचार करण्यासाठी

१. सूरह अबसच्या पहिल्या दहा आयतींचा अर्थ घरातील मुलांसह वाचावा. दृष्टिहीन माणसाला आठी दिसली नसताना अल्लाहने तिची दखल का घेतली, याचे उत्तर मुलांना आपल्या शब्दांत सांगू द्यावे.

२. आपल्या मस्जिदीत पूर्वी येणारी आणि आता न येणारी एक व्यक्ती आठवावी. या आठवड्यात तिच्या घरी जाऊन केवळ सलाम करावा आणि खुशाली विचारावी. उपदेश करू नये.

३. गेल्या वर्षभरात आपल्या दस्तरख्वानवर वेगळ्या बिरादरीचे, वेगळ्या धर्माचे किंवा आपल्याहून गरीब असे कोण बसले होते, याची आठवण करावी. कोणी आठवत नसेल तर पुढच्या जेवणाचे आमंत्रण कोणाला द्यायचे, ते ठरवावे.

हे अल्लाह! आमच्या कपाळावरच्या आठ्या पुसून टाक. तुझ्या दारी येणाऱ्याच्या वाटेत आम्ही उभे राहू नये, एवढी समज आम्हाला दे. ज्यांचा हिशेब तू आमच्यावर सोपवलेला नाहीस, त्यांना मनापासून सलाम करण्याची सुबुद्धी दे. आणि ज्या दिवशी आमचा हिशेब तुझ्यासमोर येईल, त्या दिवशी आमच्याशी तुझ्या दयेने वाग. आमीन.